बोंब म्हणजे चुगली नव्हे

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

हेडगुरुजींनी आज पुन्हा आपलं ओझं माझ्या पाठीवर टाकलं! तालुक्याहून पत्र आलंय. आईबाप सगळे पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर, पोरं दिवसभर मोकाट. तेव्हा विहिरी, हमरस्ता, अनोळखी माणसं, आपसातल्या मारामाऱ्या यांपासून मुलांनी स्वतःला कसं जपावं ते शाळेत शिकवा आणि मार्चअखेर अहवाल पाठवा. हेडगुरुजींचं नाव विरुपाक्ष, पण मी मनात त्यांना अडकित्ता म्हणतो. समोरच्याचं वाक्य अर्ध्यातच कातरतात. पत्र माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "आबाराव, तुम्हाला पोरांशी बोलायची हौस आहे. हे तुमचं." मी म्हणालो, "पण गुरुजी, मी—" झालं, कातरलं. पुढचं वाक्य माझ्याच पोटात राहिलं.

कुरणवाडीच्या शाळेत शिक्षक दोन. एक सही करणारा, दुसरा मी.

बाकी दिवस मजेत गेला. दुपारी पोरांना सुकडी वाटली, दुष्काळातला सरकारी कोरडा खाऊ. सोसायटीच्या गोदामातून पोतं आणायला आता भिमाबाई स्वतः जाते, कारण गडी वाटेत मुठी मारतात. भिमाबाई शाळा झाडते, सुकडीवर नजर ठेवते आणि सगळ्यांच्या भांडणांचा निवाडा करते. म्हणून ती आमची हायकोर्ट. तिसरीतली अयोध्या आजही दुसऱ्यांदा वाटी घेऊन पुढं उभी. एवढीशी काडी पोर, आणि खाते किती! मी म्हणालो, "आल्या का आमच्या भस्म्याबाई! हिला भस्म्या झालाय रे, पोतं लपवा." वर्ग पोट धरून हसला. तीही खाली बघून हसली. मग मी अर्धी मूठ जास्तच घातली. अशा वर्षात पोरं हसली पाहिजेत, बाकी आपल्या हातात काय आहे?

१४ फेब्रुवारी, बुधवार

पहिला धडा विहीर. फळ्यावर भली मोठी विहीर काढली, कठड्यावर एक पोरगा वाकलेला. त्याचं डोकं जरा भोपळ्यासारखं झालं, पण कळत होतं.

पहिलीतला सिद्धेश्वर मधेच उठला. याचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नसावं — त्याला मी आकाशवाणी म्हणतो. म्हणाला, "गुर्जी, हिरीत पाणीच न्हाय की. बुडणार कसं?"

"बुडला नाहीस तरी पाय मोडेल."

"मग म्या घरी कसा जाणार?"

"तेच तर विचारतोय."

त्यानं जरा विचार केला. "मग म्या हिरीकडं जातच न्हाय," म्हणाला आणि बसला. इतका मोठा धडा एवढ्यात संपला. उरलेला तास पाढे घेतले.

संध्याकाळी घरी सुमनला सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, "त्या पोराला नाव हाय ना आईबापानं ठिवलेलं?" मी म्हणालो, "तहसीलदारीणबाई, नावं ठेवायला अक्कल लागते." तिला मी तहसीलदारीण म्हणतो, कारण घरात कुठलीही गोष्ट तिच्या मंजुरीशिवाय होत नाही. ती म्हणाली, "नावानं हाक मारताना दात दुखत्यात का तुमचे?" माझी नावं प्रेमाची असतात, हे हिला दहा वर्षांत कळलं नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा धडा हमरस्ता. सगळी शाळा घेऊन रस्त्यापर्यंत गेलो. नळदुर्गाकडून येणारे ट्रक जळकोटाकडं असे सुटतात की धोतराचा सोगा उडतो. पोरांना ओळीनं लांब बसवलं, डावीकडं बघा, उजवीकडं बघा, पुन्हा डावीकडं. एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून सलाम केला तर अख्खी ओळ उभी राहून सलाम करायला लागली! रस्त्याचं भान गेलं ते गेलंच.

चौथीतला उत्तरेश्वर मात्र हात पसरून पुढं उभा. हा चौथीत तिसऱ्यांदा बसलाय, मिसरूड फुटायच्या बेतात आहे, काहीही विचारा, नुसती मान हलवतो. म्हणून तो नंदीबैल. लहान पोरांना मागं ढकलत होता. धक्काबुक्की करायला मिळाली की हा खूश. त्याच्यावर डोळा ठेवायला हवा.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा धडा फसला. साफ फसला.

मी विचारलं, मोठ्यानं लहानाला त्रास दिला, मारलं, हिसकावलं, चिडवलं, तर काय कराल? त्रेचाळीस पोरं, एकही बोलेना. आकाशवाणीसुद्धा बंद! अखेर एक जण पुटपुटला, "गुर्जींना सांगू." बाकीचे लगेच त्याच्याकडं वळले, "चुगलखोर!" बिचाऱ्यानं मान खाली घातली ती शाळा सुटेपर्यंत वर केली नाही.

म्हणजे गोम ही आहे. मार खाल्लेला चालतो, सांगितलेलं चालत नाही. चुगली केली की पोरगं गोट्यांच्या डावातून बाद, सूरपारंब्यातून बाद. आम्ही मास्तर लोक "माझ्याकडं येऊन सांगा" म्हणत बसतो, आणि पोरं मनात म्हणतात, तुमच्याकडं येऊन पुढं जगायचं कुठं?

मलाही आठवलं. मी तरी कुठं सांगितलं होतं? निजामाच्या अमलातली शाळा, मी दाराबाहेर पायरीवर बसून शिकायचो. एक गुरुजी मला एका नावानं हाक मारायचे. वर्ग हसायचा. मीही हसायचो, कारण न हसून करतो काय? आईला कधी सांगितलं नाही. पुढं धर्म बदलला, नोकरी लागली, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, पण ते नाव अजून कानात आहे. या वहीत दुसरं कुणी बघणार नाही, तरी इथंही ते लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं!

शाळेत येताना पोरं होळीच्या गोवऱ्या पळवत होती. अजून तीन आठवडे आहेत, पण यांचा शिमगा माघातच सुरू. एकानं पालथा हात तोंडावर आपटत अशी बोंब ठोकली की झाडावरची कावळ्यांची शाळा सुटली. लगेच दुसऱ्या गल्लीतून उत्तर. मग तिसऱ्या. कोण बोंबललं, का बोंबललं, कुणी विचारत नाही. एकानं मारली की ऐकणाऱ्यानं मारायची, हा गावचा रिवाजच आहे. बोंब मारणाऱ्याला आजवर कुणी चुगलखोर म्हटलंय? नाही!

मग नियम असा — कुणी त्रास दिला की बोंब मारायची. नाव सांगायचं नाही, बोटसुद्धा दाखवायचं नाही. जो ऐकेल त्यानं बोंब मारत तिकडं पळायचं आणि नुसतं भोवती उभं राहायचं. मारायचं नाही, बोलायचं नाही. उभं राहायचं.

एवढ्या पोरांच्या मधोमध उभं राहून कोण कुणाचं काय हिसकावणार आहे? स्वतःवर बेहद्द खूश आहे आज.

२६ फेब्रुवारी, सोमवार

तालीम झाली. मुलांना शिकवायची गरजच नव्हती, जन्मतः येतं त्यांना. मुली मात्र भिंतीला चिकटून उभ्या. "आमी न्हाय गुर्जी. पोरींनी बोंबलायचं नसतंय." खरंच की, शिमग्याला बायापोरी बोंब मारत नाहीत. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

भिमाबाईनं केरसुणी बाजूला ठेवली. म्हणाली, "गुर्जी, तुमी पोरास्नी घेऊन जावा तिकडं." मुलींना लिंबाखाली घेऊन बसली. मी लांबून ऐकत होतो. सांगत होती, "आंगाला कुणी हात लावला आन् तुमाला न्हाय आवडला, तर त्यो मामा असू दे न्हायतर काका असू दे, सरळ बोंब मारायची. लाज त्याला, तुमाला न्हाय. पोरींनी बोंबलायचं नसतंय आसं कोण म्हणतंय? ज्याला भ्याव हाय त्योच म्हणतोय." मी हे असं कधीच बोलू शकलो नसतो, जीभच वळली नसती. तालुक्याच्या पत्रातसुद्धा "इत्यादी" एवढंच लिहिलंय.

मग भिमाबाईनं स्वतः पहिली बोंब मारली. हायकोर्टाची बोंब! त्यामागं सतरा मुली. पाटलांची गाय दावं तोडून पळाली. पाझर तलावावरच्या बायकांना वाटलं गावात आग लागली. घमेली घेऊन अर्धं काम शाळेत हजर. सगळ्यांना समजावता समजावता माझा घसा बसला.

हेडगुरुजी म्हणाले, "ही शाळा आहे का शिमगा?" मी म्हणालो, "गुरुजी, अहवालात याला आपण—" कातरलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

अडकित्ता बोलत नाही. शांतता छान आहे.

१ मार्च, गुरुवार

आज एका दिवसात एकोणीस बोंबा! पेन्सिल घेतली म्हणून बोंब, दप्तराला पाय लागला म्हणून बोंब. आकाशवाणीनं तर स्वतःच्याच पायात काटा रुतला म्हणून मारली, आणि चाळीस पोरं काट्याभोवती गंभीर चेहऱ्यानं उभी.

मधल्या सुट्टीत नवा नियम केला. काट्याला बोंब नाही. बोंब फक्त माणसावर.

पण खरं सांगायचं तर फरक पडलाय. सुकडीच्या वेळी मोठी पोरं लहानांच्या वाटीत हात घालायची, ते गेलं. हात वाटीजवळ आला की लहानगं नुसतं तोंडाजवळ पंजा नेतं, हात मागं जातो. छडी दोन दिवस कपाटातच आहे.

३ मार्च, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी पाण्याचा टँकर आला. मोठ्या बायका कामावर, त्यामुळं रांगेत पोरीच. टँकरबरोबर नवा क्लीनर होता. चौथीतल्या कमलला म्हणाला, पुढं ये, तुझी घागर आधी भरतो, आणि हात धरून टँकरच्या मागं न्यायला लागला. ती म्हणाली सोडा. त्यानं सोडला नाही.

कमलनं मोकळा हात तोंडावर धरला आणि दिली ठोकून!

रांगेतल्या पोरींनी दुसरी मारली. शाळेत आम्ही ऐकली, सगळा वर्ग उठून पळाला, मी त्यांच्या मागं. आम्ही पोचलो तेव्हा पोरी त्याच्याभोवती गोल उभ्या होत्या, कुणी बोलत नव्हतं, शिकवलं तसंच. तो मधे, एक चप्पल पायात, एक हातात. मग तलावावरच्या बायका आल्या — त्यांना मात्र गप्प उभं राहायचा नियम कुणी शिकवला नव्हता. क्लीनर दुसरी चप्पल टाकून जळकोटाच्या दिशेनं जो सुटला तो सुटला. ड्रायव्हरनं हात जोडले, पुन्हा त्याला आणणार नाही म्हणाला. ग्रामसेवकाकडं लेखी तक्रार दिली.

कमल घाबरली होती का, विचारलं. म्हणाली, "मारूस्तवर लई भ्या वाटलं. मारल्यावर न्हाय."

हेडगुरुजींनी आज माझ्यासाठी स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी काढून ठेवली. चटणी तिखट होती, डोळ्यात पाणी आलं, ते चटणीचंच असं समजायला हरकत नाही.

८ मार्च, गुरुवार

अयोध्या सोमवारपासून नाही. ताप असेल म्हणून लक्ष दिलं नव्हतं. आज सुकडीच्या रांगेत दुसऱ्यांदा कुणी आलंच नाही तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

११ मार्च, रविवार

कामाला सुट्टी म्हणून आज अयोध्याच्या घरी गेलो. बाप ज्ञानोबा सोलापुरात गिरणीत बदली कामगार, महिन्याकाठी एकदा येतो. आई चांगुणा खडी फोडून फोडून हात सालटलेली. बसायला पोतं टाकलं. म्हणाली, "गुर्जी, पोरगी साळंत जात न्हाय म्हणती. वाटंनं पोरं कायतरी चिडवत्यात. काय चिडवत्यात ते सांगंना. इचारलं की त्वांड फिरवून बसती."

"मारतं का कुणी?"

"मारलं आसतं तर वळ दिसला आसता. होळीपातूर बगते. शिमगा झाला की कामावर न्हेते तिला. धाकट्याला सांबाळंल, चार घागरी पाणी पाजंल मान्सास्नी. तुमी नाव कमी करा."

नऊ वर्षांची पोर. एकदा कामावर गेली की परत येत नाही, हे मी बारा वर्षांत बघितलंय. वाचते किती छान! सगळ्या शाळेत न अडखळता जोडाक्षर वाचणारी ती एकटी.

तेवढ्यात धाकटा रांगत आला. दीड वर्षाचा, गालात खड्डे पडलेले. अयोध्यानं कोनाड्यातून पत्र्याचा डबा काढला आणि त्याला सुकडी भरवायला लागली. डब्यात तळाला होती थोडी. चांगुणा म्हणाली, "साळंतनं आणायची की रोज. दुसऱ्या टायमाला घेत्याली समदी याचीच."

मला पोतं टोचायला लागलं. ही स्वतःसाठी नव्हतीच मागत! मी तिला उगाच खादाड समजत होतो. भस्म्याबाई बिचारी अर्धपोटी! ठरवलं, आता आली की न मागता दोन मुठी.

बाहेर ओट्यावर तिला जवळ बोलावून विचारलं, "बोंब का नाही मारलीस?"

ती हातातल्या डब्यात बघत राहिली.

"नाव सांगायचं नाही, नियमच आहे. नुसती बोंब मारायची."

मग म्हणाली, "मोठ्यावर बी मारायची?"

"मोठ्यावर तर आधी मारायची!"

"मोठा रागावला तर?"

"मी आहे ना."

तिनं माझ्याकडं बघितलं. एकदम मोठ्या बाईसारखं बघते ती कधी कधी. मग डब्याचं झाकण लावत आत गेली.

मोठा. म्हणजे कोण ते मला कळलं. शाळेत मोठा एकच आहे.

१२ मार्च, सोमवार

उत्तरेश्वरला उभं केलं. आकाशवाणीनं आधीच प्रसारण केलं होतं की नंदीबैल रोज अयोध्याच्या मागं मागं तिच्या घरापर्यंत जायचा. मी विचारलं, "खरं?" त्यानं मान हलवली.

"का जायचास?"

"दुसरी पोरं म्हणत्यात तिला. म्या मागं असलो की म्हणत न्हाईत."

म्हणे राखण करायला! कोल्हा कोंबड्यांची राखण करतो म्हणतो आणि आम्ही ऐकायचं.

"काय म्हणतात पोरं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं. "न्हाय सांगत गुर्जी."

"सांग."

"न्हाय. पायजे तर मारा."

कपाटातून छडी काढली. दोन दिल्या. हात मागं घेतला नाही पठ्ठ्यानं. गुन्हा कबूल नाही, पण शिक्षा बिनतक्रार घेतली, म्हणजे काय ते समजायचंच.

१३ मार्च, मंगळवार

छडी पुन्हा कपाटात ठेवली. ती काढल्यावर कालपासून वर्ग हसत नाही. तीन विनोद केले. फक्त मीच हसलो.

१५ मार्च, गुरुवार

अयोध्या नाही. उत्तरेश्वरला शिक्षा झाली हे तिच्यापर्यंत पोचलं असेलच, मग अजून का येत नाही?

सुमनला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "चिडवायचं नाव काय हाय?"

"तेच तर कुणी सांगत नाही."

"तुमास्नीच सांगत न्हाय का कुणालाच सांगत न्हाय?"

मी म्हणालो, "तहसीलदारीणबाई, चौकशी माझ्याकडं आहे." तिनं भाकरी तव्यावर टाकली.

भिमाबाईला पाठवायचं ठरवलं. मास्तरांचं जिथं चालत नाही तिथं हायकोर्ट चालतं. ती म्हणाली, "जाते. पर एक आट हाय. पोरगी आली तर तिला कायबी इचारायचं न्हाय. आन् तुमी जरा कमी बोलायचं." कबूल केलं. मी कुठं फार बोलतो?

१८ मार्च, रविवार. होळी

गोवऱ्या कमी, लाकूड त्याहून कमी, पण होळी पेटली. पोळी गुळाची, पुरण नावाला. तरी पोरांचा उत्साह बघून वाटलं, दुष्काळ फक्त मोठ्या माणसांना कळतो.

यंदा एक नवीन झालं. पोरांची बोंब झाली, आणि मागून पोरींची आली. म्हातारे वळून बघायला लागले. पाटील म्हणाले, "हे काय आबाराव?" मी म्हणालो, "शासनाचं पत्र आहे." पुढं काय बोलणार ते!

गर्दीत अयोध्या दिसली, आईच्या पदराआड. बोंब मारत नव्हती. पण पालथा पंजा तोंडावर धरून बघत होती, आवाज न करता, जसं काही माप घेत होती. भिमाबाई येऊन म्हणाली, "मंगळवारी येती म्हणाली. एक दिवस बगणार, न्हायतर बुधवारी कामावर."

एकच दिवस. पण येतेय! काय आनंद झाला म्हणून सांगू. सुमनला म्हटलं, उद्या धुळवडीला थोडा गूळ जास्त काढ, परवा पोरांना नेतो.

२० मार्च, मंगळवार

अयोध्या आली. हजेरीला "हजर" म्हणाली, वाचनात पहिली उभी राहिली. मी काही विचारलं नाही. दुपारी सुकडीच्या रांगेत ती समोर आली आणि मला राहवलंच नाही — न मागता दोन मुठी घातल्या, वर गुळाचा खडा ठेवला आणि हसून म्हणालो, "आल्या, आल्या! आमच्या भस्म्याबाई परत आल्या!"

तिनं वाटी खाली ठेवली. पालथा हात तोंडावर धरला, आणि माझ्याकडं बघत बोंब मारली.

दुसरी उत्तरेश्वरनं मारली. मग सिद्धेश्वरनं, कमलनं, सगळ्यांनी. माझ्याभोवती गोल उभे राहिले. कुणी बोललं नाही, बोट दाखवलं नाही. शिकवलं तसंच.

माझे ते गुरुजीसुद्धा हसूनच म्हणायचे.

भिमाबाई केरसुणी टाकून आली. विरुपाक्ष गुरुजी पळत आले, धापा टाकत विचारलं, "कुणी काय केलं?" मी म्हणालो, "मी. मी हिला नाव ठेवलं, आणि मारलं उत्तरेश्वरला." त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं.

मी खाली बसलो, तिच्या डोळ्यांसमोर डोळे येतील एवढा. "अयोध्या," म्हणालो.

"हजर," ती म्हणाली. मग वाटी उचलून पुन्हा पुढं केली. "धाकट्याची न्हाय दिली आजून."